लाल-निळ्या एलईडीतून क्वांटम

चांदनी, नेपानगर, बुऱ्हाणपूर भागातल्या शिक्षकमित्रांनो, क्वांटम भौतिकीची सुरुवात समीकरणांनी नको, एलईडीने करा! रेझिस्टर जोडून व्होल्टेज हळूहळू वाढवा. लाल एलईडी साधारण १.८ व्होल्टच्या आसपास उजळतो, निळ्याला बरंच जास्त लागतं, कारण निळ्या फोटॉनची ऊर्जा लालपेक्षा अधिक.

आता माझा सर्वांत आवडता, उलटा प्रयोग. पारदर्शक आवरणाचा लाल एलईडी मल्टिमीटरला जोडून त्यावर निळा प्रकाश टाका: व्होल्टेज दिसेल. निळ्या एलईडीवर लाल प्रकाश कितीही प्रखर टाका, जवळजवळ काहीच नाही! आइन्स्टाइननं १९०५ साली मांडलेली प्रकाशकणांची कल्पना मुलांना इथंच पटते.

मग शेजारच्या खंडवा जिल्ह्यात, ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगणाऱ्या सौरपॅनलांकडे वळा. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला फोटॉनकडे किमान १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते.