नगरांतील अद्भुत आणि न वाचलेल्या पुस्तकांची रास

अद्भुत कथा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें घनदाट अरण्य, सात समुद्रांपलीकडचें बेट किंवा ओसाड पडलेला किल्ला उभा राहतो. परंतु इंग्रजी वाङ्मयांत कादंबरीचा असा एक प्रकार रूढ झाला आहे कीं, त्यांतील भुतें, पऱ्या व जादुगार आगगाडींतून प्रवास करितात, भाड्याच्या खोलींत राहतात आणि पोलिसांच्या प्रश्नांस उत्तरें देतात. या प्रकारास नागरी अद्भुत कादंबरी असें म्हणतां येईल. ती आवडीनें वाचणारे तरुण आज पुष्कळ आहेत. आणि त्यांच्या खोलींत न वाचलेल्या पुस्तकांची रास पाहून चिंतेंत पडणारे पालकहि थोडे नाहींत. म्हणून या दोन्ही गोष्टींचा येथें थोडक्यांत विचार करूं.

नगरांत अद्भुत घडणें अगदींच नवें नव्हे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टींत खलीफा हारून अल् रशीद वेष पालटून रात्रीं बगदादच्या गल्ल्यांतून हिंडतो, व तेथेंच त्याला नवल भेटतें. आधुनिक शहरास साजेसें भूत मात्र पुष्कळ उशिरां जन्मास आलें. फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाच्या १९४१ सालच्या एका लघुकथेंत तें कारखान्यांच्या धुराचें व काजळीचें बनलेलें आहे. १९४५ सालीं चार्लस विल्यम्स यांची 'ऑल हॅलोज ईव्ह' ही कादंबरी निघाली. हे ख्रिस्ती श्रद्धेचे लेखक सी. एस. लुईस यांचे स्नेही होत. कथारंभीं एक तरुणी लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभी आहे. सारें शहर तिला निःशब्द व निर्मनुष्य भासतें, आणि हळूहळू तिच्या ध्यानांत येतें कीं आपण मृत झालों आहोंत. शाळेंत असतांना ज्या सोबतिणीच्या दुःखाकडे तिनें डोळेझांक केली होती, तिची क्षमा मागणें हीच पुढें तिची खरी कसोटी ठरते.

या प्रकारास विशेष बहर आला तो १९८० नंतर. एमा बुल यांनीं १९८७ सालीं मिनिआपोलिस शहरांतील एका गायिकेस पऱ्यांच्या युद्धांत ओढलें. जिम बुचर यांच्या २००० सालीं सुरू झालेल्या मालिकेंतील शिकागोचा जादुगार आपलें नांव टेलिफोनच्या यादींत छापवितो. बेन आरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन' (२०११) या कादंबरींत एका तरुण पोलीस शिपायास खुनाचा साक्षीदार म्हणून चक्क भूत भेटतें, आणि लंडनच्या नद्या देवतारूपानें त्याच्यापुढें येतात. त्यांपैकीं फ्लीट ही नदी खरोखरच आहे. हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावर उगम पावून ती ब्लॅकफ्रायर्सपाशीं थेम्सला मिळते. परंतु आज ती जमिनीखालच्या गटारांतून वाहते, आणि फ्लीट स्ट्रीट या रस्त्याच्या नांवांत तिची आठवण उरली आहे. हें वाचल्यावर मुंबईच्या मुलाच्या मनांत धोबीतलावाचा तलाव कोठें गेला असा प्रश्न उभा राहिला, तर त्या वाचनाचें चीज झालें. या पुस्तकांत रक्तपाताचे प्रसंग आहेत. म्हणून तें वरच्या वर्गांतील मुलांनींच वाचावें हें बरें.

मित्रमंडळींत अशा पुस्तकाविषयीं बोलतांना 'छान आहे' किंवा 'कंटाळवाणें आहे' एवढ्यानें भागत नाहीं. तीन प्रश्न विचारून पाहावे. ही कथा दुसऱ्या शहरांत नेली तर टिकेल काय? टिकत असेल, तर लेखकानें शहराचा केवळ पडदा टांगला आहे. जादूला कांहीं नियम व मोल आहे काय? नसेल, तर संकटांत गोडी राहत नाहीं. आणि शेवटीं नायकाच्या वागणुकींत कांहीं पालट झाला काय? पुस्तक अर्ध्यावर सोडलें असल्यास कोणत्या पानावर व कां सोडलें हेंहि सरळ सांगावें. न वाचलेल्या ग्रंथावर मत देणें हें असत्यच होय, व त्यावर विसंबून दुसरा आपले पैसे खर्च करितो.

आतां राशीकडे वळूं. पुस्तकें घेऊन न वाचतां रचून ठेवण्यास जपानी भाषेंत 'त्सुन्दोकू' असा शब्द आहे. मेजी राजवटींत (१८६८-१९१२) तो थट्टेनें रूढ झाला. रचून ठेवणें व वाचणें या दोन शब्दांची ती जोडणी आहे. नागरी अद्भुत कादंबऱ्या बहुधा मालिकेनें निघत असल्यामुळें ही रास लवकर वाढते. पहिला भाग आवडला कीं पुढचे चार एकदम घेतले जातात. दुसऱ्यांत मन रमलें नाहीं म्हणजे उरलेले तीन तसेच पडून राहतात. शिवाय मित्रानें वाखाणलेलें पुस्तक आपल्याजवळहि असावें ही हौस असतेच.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला भाग शक्य तर ग्रंथालयांतून आणावा, आणि एक भाग पुरा झाल्याशिवाय दुसरा विकत घेऊं नये. सुटींत राशींतील प्रत्येक पुस्तकाचीं तीसचाळीस पानें वाचावीं. मन लागलें नाहीं तर तें दुसऱ्या वाचकास द्यावें. पालकांनींहि रागावण्यापूर्वीं 'हें पुस्तक तूं कां घेतलेंस?' असें प्रेमानें विचारावें. उत्तरांत मुलाची जिज्ञासा कोणीकडे धांवते आहे हें कळेल, व पुष्कळदां त्याच रात्रीं तें पुस्तक उघडलें जाईल.

न वाचलेलें पुस्तक म्हणजे आपण स्वतःस दिलेलें वचन होय. वचनें थोडीं द्यावीं व दिलेलीं पाळावीं, हा शाळेंत शिकलेला धडा पुस्तकांच्या कपाटासहि लागू पडतो.