बाटलीवरचं '12' किंवा '18' नेमकं काय सांगतं? जुनी जपानी सिंगल माल्ट ओळखायची आणि चाखायची कशी?

परदेशातून येणाऱ्या मित्राला "येताना एक जपानी व्हिस्की आण" असं सांगण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. पण बाटलीवर जपानी अक्षरं दिसली म्हणजे आत जपानमध्येच तयार झालेली व्हिस्की असते का? तर नाही! म्हणूनच पैसे मोजण्याआधी काही गोष्टी माहिती असायला हव्यात.

सुरुवात कुठून झाली?

शिंजिरो तोरी यांनी 1923 मध्ये क्योटोजवळ यामाझाकी डिस्टिलरी उभारायला घेतली. मदतीला होते स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचं शिक्षण घेऊन आलेले मासाताका ताकेत्सुरू. पुढे ते वेगळे झाले आणि 1934 मध्ये त्यांनी होक्काइडो बेटावर योइची इथे स्वतःची डिस्टिलरी काढली. आजच्या सनटोरी आणि निक्का या कंपन्यांची मुळं इथलीच.

आकड्याचा अर्थ काय?

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. मात्र ती एकाच पिंपातली असते असं नाही. अनेक पिंपांतली व्हिस्की एकत्र केली जाते आणि त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय बाटलीवर छापलं जातं. शिवाय हे वय फक्त लाकडी पिंपातलं. बाटली घरात 10 वर्षं ठेवली म्हणून 12 ची 22 होत नाही.

एवढी महाग का?

1980 च्या दशकात जपानमध्ये व्हिस्कीचा खप घसरला, त्यामुळे पुढची बरीच वर्षं उत्पादन कमी राहिलं. मग 2014 मध्ये एका नामांकित व्हिस्की मार्गदर्शिकेने यामाझाकीच्या शेरी पिंपातल्या व्हिस्कीला जगात पहिलं स्थान दिलं आणि मागणी प्रचंड वाढली. पण 12 वर्षांची व्हिस्की हवी तर ती 12 वर्षांपूर्वीच पिंपात भरलेली असावी लागते. साठा पुरेना, म्हणून 2018 मध्ये हाकुशू 12 ची विक्री थांबवावी लागली होती.

याच टंचाईत बाहेरून आणलेली व्हिस्की जपानी नावाने खपू लागली. शेवटी तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने 2021 मध्ये सदस्यांसाठी नियम केले. पाणी जपानचं हवं, आंबवणं, ऊर्ध्वपातन आणि बाटलीत भरणं जपानमध्येच हवं आणि किमान 3 वर्षं तिथेच लाकडी पिंपात मुरलेली हवी. हा सरकारी कायदा नाही. त्यामुळे लेबलवर 'जपानी व्हिस्की' असं स्पष्ट लिहिलंय का आणि डिस्टिलरीचं नाव आहे का, हे आधी बघा.

चाखायची कशी?

- तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, त्यात वास साठून राहतो. बर्फ नको, गारव्याने वास दबतो.
- नाक ग्लासात खुपसू नका. थोडं लांब धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू वास घ्या.
- छोटा घोट जिभेवर फिरवा. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा.
- मग पाण्याचे दोन-चार थेंब टाका. अल्कोहोलचा झणका कमी होतो आणि आधी न जाणवलेले वास वर येतात.

'मिझुनारा' या जपानी ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की असेल तर चंदन किंवा उदबत्तीसारखा वास येतो. आपल्याला तो ओळखायला वेळ लागणार नाही. हे लाकूड सच्छिद्र असल्याने पिंपं गळतात, त्यामुळे ती करणं अवघड आणि महाग.

जुनी म्हणजे चांगलीच?

नाही. फार वर्षं पिंपात राहिली की लाकूड वरचढ होतं आणि चव कडवट, तुरट लागू शकते. हवामानाचाही फरक पडतो. गोव्याच्या उष्णतेत व्हिस्की लवकर मुरते आणि पिंपातून उडूनही जास्त जाते. त्यामुळे गोव्याची आणि जपानची वर्षं एका मापाने मोजता येत नाहीत.

थोडक्यात काय, तर आकडा फक्त वय सांगतो, चव नाही. ती आपल्या नाकाने आणि जिभेनेच ठरवायची, तीही घोटभरातच. कारण बाटली कितीही महागडी असली, तरी मद्यपान आरोग्याला घातकच!