सोसायचं दुखणं आणि थांबायचं दुखणं

गिटारच्या पहिल्या महिन्यात बोटं दुखतातच. पोलादी तार कोवळ्या कातडीत रुतते, टोकांवर लाल वळ उठतात आणि जेवताना भात कालवला की तिथे चरचरतं. गारखेड्यातल्या माझ्या क्लासला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, हे दुखणं सोस. काही आठवड्यांत घट्टे पडतील आणि ते जाईल. पण मनगटात कळ आली, कोपरापर्यंत ओढ बसली, बोटांना मुंग्या आल्या, तर तिथल्या तिथे गिटार खाली ठेव. ते दुखणं सोसायचं नसतं.

हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. 2008 साली कॉलेजच्या स्नेहसंमेलनाआधी मी ‘एफ’चा बार कॉर्ड पक्का करायला घेतला. त्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं. आवाज स्वच्छ येईना, म्हणून मी जोर वाढवत गेलो. रोज रात्री तीन-तीन तास, पलंगावर मांडी घालून, गिटारवर वाकून. दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, अशी माझी समजूत. दहाव्या रात्री डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग आली. स्नेहसंमेलन मी प्रेक्षकांत बसून पाहिलं. पुढे कित्येक आठवडे गाडीचा क्लच दाबतानाही हात थरथरायचा.

असं का झालं, ते डॉक्टरांनी समजावलं. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. तिथून निघालेल्या दोरीसारख्या नऊ कंडरा आणि एक नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून पुढे जातात. मनगट वाकवून तासन्‌तास जोर लावला की कंडरांना सूज येते आणि नस चेपते. आत्ताच करून पाहा. मनगट सरळ ठेवून मूठ आवळा, मग मनगट आत पूर्ण वाकवून आवळा. दुसऱ्या वेळी मूठ धड मिटतही नाही. मी त्याच वाकड्या मनगटाने ‘एफ’ दाबत होतो.

म्हणून आधी बैठक सुधारावी. पलंग नको, हात नसलेली खुर्ची घ्या. घरातला पाट डाव्या पायाखाली ठेवून गिटार डाव्या मांडीवर घ्या आणि तिची मान थोडी वर उचला. मनगट बरंचसं सरळ होतं.

मग जोर मोजावा. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि तार छेडा. थप्प आवाज येईल. छेडत राहा आणि दाब अगदी सावकाश वाढवा. ज्या क्षणी सूर स्वच्छ होईल, तेवढाच जोर पुरे. बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या कांबीच्या, अगदी मागे ठेवलं तर तो आणखी कमी लागतो. माझी मुलं पहिल्यांदा हे करतात तेव्हा चकित होतात, कारण तोवर ती कितीतरी जास्त दाबत असतात.

दोष कधी वाद्याचाही असतो. पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून सुमारे 70 किलोंचा ताण असतो. बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून सर्वांत जाड तारेखालचं अंतर मोजा. अडीच-तीन मिलिमीटर ठीक. चार भरलं तर कारागिराकडून सेटिंग करून घ्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं आणि तारा वर उठतात, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे बोटं गारठलेली असतात. आधी कोमट पाण्यात हात धरा, मग पाच मिनिटं हलकं वाजवा.

वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबा. कार्यक्रम जवळ आला म्हणून रियाज एकदम दुप्पट करू नका. रात्री हात बधिर होत असेल किंवा मुंग्या आठवडाभर टिकल्या, तर मालीश करत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटं 1964 मध्ये आपोआप आत वळू लागली. ते दुखणं वेगळं, डिस्टोनियाचं, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याचं होतं. त्यांनी आधी आणखी रियाज करून पाहिला, पण हात बिघडतच गेला. दोन्ही हातांनी वाजवायला ते परतले, त्याला जवळपास तीन दशकं लागली.

परवा अकरावीतला एक मुलगा म्हणाला, “सर, मनगटात कळ येतेय, पण अजून पाचच मिनिटं.” मी गिटार त्याच्या हातातून काढून घेतली. त्याला राग आला. चार दिवसांनी तो परत आला, तेव्हा त्याचं दुखणं थांबलेलं होतं.

आईवडिलांना एकच विनंती आहे. मुलाला किती वेळ वाजवलंस हे विचाराल, तेव्हा कुठे दुखतंय हेही विचारा. बोटांची टोकं म्हणाला, तर वाजवू द्या. मनगट म्हणाला, तर त्या दिवशी गिटार खोळीत जाऊ द्या.