दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

नोंदी ठेवण्याच्या नोशन या अ‍ॅपच्या वर्कस्पेसमधल्या नोंदी 'मार्कडाउन आणि सीएसव्ही' हा पर्याय निवडून बाहेर काढल्या की एक झिप फाइल मिळते. ती उघडून बघावी. पडद्यावर 'पाककृती' एवढ्याच नावानं नांदणाऱ्या पानाला आता ३२ अक्षरांची शेपटी फुटलेली असते: ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही रोमन अक्षरं, कशीही विखुरल्यासारखी. दुव्यांत टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग. हा कचरा आहे असं समजून बरेच जण तो सरसकट पुसायला घेतात. मला मात्र या फाइलींइतकं मोहक दुसरं काही वाटत नाही, कारण अ‍ॅपनं झाकून ठेवलेली सगळी रचना इथे उघड दिसते.

आधी त्या शेपटीबद्दल. नोशनमध्ये प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र, प्रत्येक पान हा एक स्वतंत्र 'ब्लॉक' असतो आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. पान म्हणजे मुळात अशा क्रमांकांची यादी. हे क्रमांक मध्यवर्ती नोंदवहीतून ओळीनं दिले जात नाहीत. ते यदृच्छया तयार होतात. मग दोन पानांना एकच क्रमांक मिळाला तर? ३२ जागा आणि प्रत्येक जागी १६ पर्याय, म्हणजे सुमारे ३४ वर ३७ शून्यं इतक्या शक्यता. त्यातल्या मोजक्या खुणा आधीच ठरलेल्या असतात, तरी उरणारी संख्या इतकी अफाट आहे की कुणालाही न विचारता घेतलेला क्रमांक जगात एकमेवच ठरेल यावर निर्धास्त विसंबता येतं.

म्हणून शेपट्या छाटण्याआधी थांबावं. एकाच फोल्डरमध्ये 'बैठक' नावाची चार पानं असतील तर त्यांना वेगळं ठेवणारी तेवढी एकच खूण आहे. ती गेली की चौथी बैठक पहिल्या तिघींना गिळून टाकते. काम उलट्या बाजूनं करायचं. आधी जुनं नाव आणि नवं नाव यांची पूर्ण यादी करायची, एकसारखी नावं दिसली की त्यांना तारीख किंवा विषय जोडायचा, मग प्रत्येक फाइलीतले दुवे त्या यादीप्रमाणे बदलायचे आणि सर्वांत शेवटी फाइलींची नावं. मूळ झिपला हात लावायचा नाही. छाटणी हवी हे मात्र खरं: फोल्डरात फोल्डर अशा सहा पायऱ्या झाल्या तर नुसत्या शेपट्यांचीच जवळपास २०० अक्षरं होतात, आणि विंडोजवर फाइलीच्या पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे.

आता टक्क्यांची रांग. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा आराखडा मांडला. कुठल्याही लिपीतलं अक्षर काही बाइटांत बसवायचं, आणि पहिल्याच बाइटवरून पुढे किती यायचे ते कळलं पाहिजे. देवनागरीला तीन बाइट लागतात. वेबपत्त्यात मात्र मोजकीच रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात, म्हणून प्रत्येक बाइट टक्का आणि दोन खुणा असा लिहितात. 'क' चे होतात टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का नऊ-पाच, म्हणजे नऊ चिन्हं. संगणक मात्रा वेगळी मोजतो, त्यामुळे 'पाककृती' हे सात घटकांचं नाव दुव्यात ६३ चिन्हांचं होतं. तरी त्यातलं काहीही हरवलेलं नसतं. उलटी क्रिया केली की वेलांटीसुद्धा जागच्या जागी परत येते.

बाकीची साफसफाई सोपी आहे. चौकटीतल्या सूचना एचटीएमएलच्या खुणांत गुंडाळलेल्या येतात, त्या साध्या अवतरणात बदलायच्या. पानाच्या डोक्यावरचे तारीख, स्थिती असे तपशील तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये नीट बसवायचे. तक्त्यांचं थोडं वाईट वाटतं: सीएसव्हीत सूत्राचं उत्तर येतं, सूत्र येत नाही, कॅलेंडर किंवा बोर्ड अशी मांडणीही येत नाही. ती हवी असेल तर शब्दांत लिहून ठेवावी. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन मांडलं तेच या विचारानं, की मजकूर कच्च्या रूपातही डोळ्यांना वाचता यावा.

मराठीतली खरी कसोटी यानंतर येते. 'दऱ्या' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ' हे एकच चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, सुटा नुक्ता, हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक पूर्णपणे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या शोधाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. आणि 'अदृश्य चिन्हं काढा' असं सरसकट सांगणारा एखादा साफसफाईचा प्रोग्राम तिसऱ्या तऱ्हेच्या मजकुरावर चालवला, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा क्षणात दर्या होतो! स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. कुठेही चूक दाखवली जात नाही, कारण नवा शब्दही शुद्धच असतो.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या 'एनएफसी' या प्रमाणीकरणानं एक होतात. तिसरीला ते हातही लावत नाही. तिथे र, हलन्त आणि जोडचिन्ह शोधून त्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालण्याचा वेगळा नियम लिहावा लागतो. तो अदृश्य चिन्हं काढण्याच्या आधी चालवायचा, आणि मजकूर, फाइलींची नावं व टक्क्यांतून सोडवलेले दुवे या तिन्हींवर चालवायचा. एक जरी राहिलं तरी दुवा आपल्या फाइलीला ओळखत नाही.