संगणक सुरू होत नाही? आधी वीज पाहा, फॉरमॅटची घाई नको!

शेतकरी बंधूंनो, आता सातबारा, पीक विम्याचा अर्ज, अनुदानाची कागदपत्रे सारे संगणकावर आले आहे. नवापूर तालुक्यात ग्रामपंचायतीत एक संगणक असतो, काही घरांतही मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो. नेमका मुदतीच्या दिवशी तो बंद पडला की सगळ्यांची धावपळ होते. अशा वेळी विहिरीवरची मोटार बंद पडल्यावर तुम्ही काय करता ते आठवा. लगेच मोटार वर काढत नाही. आधी लाईट, फ्यूज, स्टार्टर बघता. इथेही तोच क्रम ठेवावा.

१) अजिबात हालचाल नाही : बोर्डाच्या त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहा. संगणकाच्या मागचे बटण चालू आहे का, वायर घट्ट बसली आहे का, तेही तपासा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची हवी. पण मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो आणि संगणक मध्येच बंद पडतो. म्हणून यूपीएस लावावा. अर्थिंग नीट असावे; उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावे. वीज कडाडू लागली की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवा. आतला पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते.

२) पंखा फिरतो, पडदा काळा : मॉनिटरची वायर व दिवा पाहा. बीप-बीप आवाज येत असेल तर बहुधा रॅमची पट्टी ढिली झालेली असते. प्लग काढा, पेटीच्या पत्र्याला हात लावा, पट्टी कडेने धरून काढा. तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यातील दमट हवेने हा दोष वाढतो.

३) चालू होतो, थोड्या वेळाने बंद पडतो : हे गरम होण्याचे लक्षण. भाताचा कोंडा, धूळ, कोळ्याची जाळी पंख्यात अडकते. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. त्या वेळी पाते बोटाने धरून ठेवा. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका.

४) तारीख सारखी चुकते : आतला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल उतरला आहे. तो स्वस्तात मिळतो. तारीख चुकली तर सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

५) विंडोजपाशीच अडकतो : लावलेला पेन ड्राइव्ह काढून परत सुरू करा. विंडोज १० व ११ मध्ये दोन-तीन वेळा सुरू होणे अडले की दुरुस्तीचा पर्याय आपोआप येतो. त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी करून पाहावे. हार्ड डिस्कमधून ‘टक्-टक्’ आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. वारंवार चालू केल्याने उरलेली माहितीही जाते.

मेकॅनिककडे नेताना एकच वाक्य स्पष्ट सांगा, ‘‘भाऊ, आधी माहिती काढून ठेव, मग फॉरमॅट कर.’’ पेटी नवी मिळते; पण आपण भरलेली वर्षानुवर्षांची नोंद, घरपट्टीच्या याद्या, मुलांची कागदपत्रे एकदा पुसली की परत मिळतीलच असे नाही.

ग्रामसेवक बंधूंनी दर आठवड्याला दोन प्रती काढाव्यात आणि एक दुसऱ्या जागी ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे. तसेच, १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आहे. जुना संगणक असेल तर तोही विचार करावा.

मुदतीच्या दिवसाची वाट पाहू नका. अर्ज चार दिवस आधी भरला तर बंद पडलेला संगणकही तुमचे नुकसान करू शकणार नाही.