आमिष, सापळ्यातील
वन्य प्राण्याला सापळ्याकडे आकृष्ट करण्यासाठी ठेवण्यात येणारा खाद्यपदार्थ, गंधद्रव्य किंवा जिवंत प्राणी म्हणजे आमिष होय. खाद्यपदार्थ भूक चाळवतो; गंधद्रव्य कुतूहल किंवा स्वजातीयांविषयीची ओढ जागृत करते. उदा., उत्तर अमेरिकेत फरसाठी बीव्हर पकडताना त्याच्याच शरीरातून मिळणारे कॅस्टोरियम वापरतात.

सापळ्यात कोणता प्राणी येणार, हे पुष्कळ अंशी आमिषावर अवलंबून असते. पिकलेल्या केळ्याकडे उदमांजर ओढले जाते, तर मांस वा मासळी मुंगसाला आकर्षित करते. मांस उघडे ठेवल्यास घार, गरुड इ. पक्षी अकारण अडकतात. म्हणून ते वरून दिसणार नाही असे झाकतात. सापळ्याची वरचेवर पाहणी करणे व काम संपताच उरलेले आमिष उचलणे आवश्यक असते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत सापळा लावणे व आमिष दाखविणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे संरक्षित प्राणी पकडण्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात उसाच्या शेतांतून वावरणारे बिबटे पकडण्यासाठी वन विभाग पिंजरे लावतो. शेळी किंवा कोंबडी पिंजऱ्याच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात, जेणेकरून ती बिबट्याच्या तावडीत सापडत नाही. परंतु आमिष जातीची निवड करते, विशिष्ट प्राण्याची नव्हे. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याऐवजी तेथून जाणारा दुसराच बिबट्या पकडला जाऊ शकतो. येथे पकडलेले बिबटे अन्य वनांत सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली, तेव्हा माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार मोहिमेपूर्वी, १९९३–२००१ या काळात, वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१–०३ मध्ये ही सरासरी १७ झाली.

उघड्यावरील कचरा, त्यावर पोसली जाणारी भटकी कुत्री व रात्री बंदिस्त न केलेली जनावरे हीही माणसाने नकळत मांडलेली आमिषेच होत. पुणे शहराच्या सीमेवरील वस्त्यांनाही हे लागू पडते. पिंजरा लावण्यापूर्वी ही आमिषे दूर करणे अधिक हितावह ठरते.