दीडशे दिवसांचं पाणी

संपादकांचा फोन आला. २०२४च्या एप्रिलमध्ये ‘फॉलआउट’ ही वेबमालिका आली तेव्हापासून हे नाव घरोघरी पोचलं, पण ज्या खेळातून ती निघाली तो १९९७चा कॉम्प्युटर गेम आज कुणी उघडून बघतं का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, बघितलाय, २०१३च्या उन्हाळ्यात, इथंच अंबडला; पण अर्ध्यात सोडला. ते म्हणाले, “मग आता पुरा करा आणि लिहा.”

अर्ध्यात सोडायला कारण होतं. त्या वर्षी जालना जिल्ह्यात दुष्काळ होता. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्या आपल्या हातांनी तोडल्या. अंबड तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो, २०८ किलोमीटर लांबीचा. धरणच रितं असलं की त्या लांबीला काही अर्थ उरत नाही. दिवसा टँकरपाशी घागरी लावायच्या आणि रात्री, वीज असली तर, चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर हा खेळ खेळायचा. खेळातही पाणीच शोधायचं होतं. एका रात्री मला ते मिळालं, पण दुसऱ्यांच्या तोंडचं काढून. त्यानंतर खेळ उघडावासा वाटेना.

इतिहास थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या इंटरप्ले कंपनीत टिम केन या प्रोग्रामरनं १९९४मध्ये जवळजवळ एकट्यानं हे काम सुरू केलं. पुढं चित्रांची बाजू लेनर्ड बोयार्स्की यांनी सांभाळली, खेळाच्या रचनेची ख्रिस टेलर यांनी. तीसेक माणसं जमली. समोर नमुना होता तो इंटरप्लेच्याच १९८८च्या ‘वेस्टलँड’चा. नियम मात्र ‘गर्प्स’ या कागदावर खेळायच्या खेळाचे घ्यायचं ठरलं होतं. १९९७च्या सुरुवातीला तो करार फिसकटला आणि ऐन वेळी या मंडळींनी स्वतःची पद्धत बसवली: ताकद, नजर, चिवटपणा, बोलण्याची छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब असे सात गुण. खेळणाऱ्यानं मोजके आकडे या सातांत वाटायचे आणि आपला माणूस घडवायचा. बुद्धी अगदीच कमी ठेवली तर त्याला धड बोलताही येत नाही, आणि गावोगावची माणसं त्याच्याशी तसंच वागतात. ऑक्टोबर १९९७मध्ये खेळ बाजारात आला.

गोष्ट अशी. २०७७च्या ऑक्टोबरात अमेरिका आणि चीन यांच्यात अणुयुद्ध होतं आणि काही तासांत जग भाजून निघतं. जमिनीखाली बांधलेल्या ‘व्हॉल्ट’ नावाच्या आसऱ्यांत थोडी माणसं वाचतात. ८४ वर्षांनी, ५ डिसेंबर २१६१ रोजी, तेराव्या व्हॉल्टचं जाडजूड दार उघडून तुम्हाला बाहेर पाठवलं जातं. कारण एकच: पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतली एक चिप निकामी झालीय. साठ्यातलं पाणी १५० दिवस पुरेल. तेवढ्यात दुसरी चिप शोधून आणायची.

ही सुरुवात मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. विहिरीत पाणी असतं, मोटार धड असते, पण डीपी जळालेली असते आणि पीक डोळ्यांदेखत माना टाकतं. जग बुडायला दर वेळी बॉम्ब लागत नाही, हाताच्या पंजात मावेल एवढा एक सुटा भाग पुरतो. हे या खेळाच्या कर्त्यांना कळलं होतं, आणि म्हणूनच अणुयुद्धाची गोष्ट सांगताना त्यांनी पहिला धोका बॉम्बचा न ठेवता तहानेचा ठेवला.

मला पुन्हा खेळताना सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते या १५० दिवसांच्या मोजणीनं. तुमच्याजवळच्या ‘पिप-बॉय’ या यंत्रात उरलेले दिवस दिसतात. नकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालं की ते सरकन कमी होतात. जखमा भरायला चार दिवस पडून राहावं म्हटलं तरी ते चार दिवस त्यातूनच जातात. खेळांत एरवी वेळ फुकट असतो, हवं तितकं भटका, गोष्ट तुमच्यासाठी थांबून असते. इथं तुम्ही वाट चुकलात तर तिकडं व्हॉल्टमध्ये कुणाचा तरी वाटा आटतो. चिप सापडल्यानंतरही खेळाला ५०० दिवसांची आणखी एक मुदत होती. तिच्याबद्दल खेळणाऱ्यांनी कुरकुर केली आणि सुधारित आवृत्तीत ती काढून टाकली गेली. पाण्याची मुदत मात्र कर्त्यांनी हलू दिली नाही. तो हट्ट त्यांनी धरला म्हणूनच हा खेळ इतकी वर्षं टिकला, असं मला वाटतं.

पहिली आशा पंधराव्या व्हॉल्टची असते. वाटेत शेडी सँड्स हे शेतकऱ्यांचं गाव लागतं. मातीच्या भिंतींचं, दोन डोकी असलेल्या गुरांचं. त्या गुरांना खेळात ‘ब्राह्मिन’ म्हणतात. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन ‘फॉलआउट ३’ भारतात आणायचं टाळलं, तेव्हा या नावाचीच चर्चा झाली होती. मला त्या गावातला एक शेतकरी जवळचा वाटतो. तुमच्या पात्राला पुरेसं विज्ञान येत असेल तर त्याला पिकांची फेरपालट समजावून सांगता येते. त्याचं मोठं बक्षीस नाही. पण हे गाव ‘फॉलआउट २’मध्ये एका प्रजासत्ताकाची राजधानी झालेलं दिसतं, तेव्हा बांधावरचं ते बोलणं मला आठवलं.

पंधराव्या व्हॉल्टमधली लिफ्ट बंद आहे. खाली उतरायला दोर लागतो. मी दोर बांधून उतरलो, पुन्हा बांधून आणखी खाली उतरलो, आणि तळाशी जिथं चिप असायची ती खोली दगडांनी गाडलेली निघाली. कोरडी विहीर ज्यानं उतरून बघितलीय त्याला हे माहीत आहे. वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो, कारण आता काय सांगायचं याचा विचार करत माणूस वर येतो.

मग हब हे व्यापारी शहर. तिथं चलन म्हणून बाटल्यांची झाकणं चालतात आणि पाण्याचे व्यापारीही आहेत. त्यांना पैसे मोजले की ते पाण्याचा काफिला तेराव्या व्हॉल्टकडे धाडतात आणि मुदत १०० दिवसांनी वाढते. म्हणजे टँकर. २०१३मध्ये मी तो लगेच मागवला होता. पण काफिल्याच्या मागावरून शत्रूला व्हॉल्टचा पत्ता लागतो, हे खेळ फार पुढं सांगतो. टँकरनं आजचा दिवस निभावतो, गावचा प्रश्न तसाच राहतो आणि वर नवा धोका दाराशी येतो. या वेळी मी काफिला मागवला नाही.

चिप असते नेक्रोपोलिसमध्ये. नावाचा अर्थ मेलेल्यांचं शहर. तिथल्या व्हॉल्टचं दार युद्धाच्या वेळी बंदच झालं नाही. किरणोत्सारानं कातडी झडलेली, तरीही जगत राहिलेली ‘गूल’ माणसं तिथं राहतात. त्यांचं पाणी त्याच चिपवर चालतं. तुम्ही ती काढून नेलीत तर तुमचं गाव जगतं आणि त्यांचं मरतं. चिप खिशात टाकून निघून जायला खेळ तुम्हाला अडवत नाही, जाब विचारत नाही. २०१३च्या त्या रात्री मी तेच केलं होतं. आमच्या गल्लीत सकाळी टँकर येणार होता, आणि मी पडद्यावर कुणाचा तरी टँकर वळवून घेतला होता.

दुसरा रस्ता असतो, तो तेव्हा मला दिसला नाही. गटारांत राहणारी गूल माणसं सांगतात की जुना पाण्याचा पंप बंद पडलाय. त्याचे सुटे भाग त्याच गटारांत पडलेले आहेत. ते शोधून पंप दुरुस्त केला तर चिप नेल्यावरही त्यांना पाणी मिळत राहतं. त्यासाठी दुरुस्तीची कला पात्राच्या अंगी हवी, आणि मुख्य म्हणजे घाईत असतानाही खाली उतरून त्यांना विचारायला हवं. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा वाद दर तुटीच्या वर्षी पेटतो, कायद्यातलं ‘समन्यायी वाटप’ दर वेळी कोर्टात जातं. त्या वादाचं उत्तर खेळात नाही. पण आपण नेतोय ते पाणी कुणाचं, हा प्रश्न इतक्या थेट अंगावर घालणारं दुसरं करमणुकीचं साधन मला माहीत नाही.

हे सगळं मला मराठीत दाखवायचं होतं, आणि अडचणी तिथून सुरू झाल्या.

पहिली अडचण खेळ चालू करण्याची. तो विंडोज ९५च्या काळातला, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, २५६ रंगांचा. आजच्या मशीनवर मूळ प्रत लावली की रंग फाटतात. हौशी जाणकारांनी त्याचं इंजिन उलगडून नव्यानं लिहिलं, ‘कम्युनिटी एडिशन’ म्हणून, आणि त्यामुळे आता तो मोबाइलवरही चालतो. हे त्यांना करावं लागलं, कारण मूळ सोर्स कोड हरवला असं मानलं जात होतं. कंपनी सोडताना जपून ठेवलेलं सगळं नष्ट करायला सांगितलं गेलं, असं टिम केन यांनी सांगितलंय. इंटरप्लेच्या सहसंस्थापक रेबेका हाइनमन यांच्याकडे त्याची प्रत राहिली होती, हे २०२५मध्ये समोर आलं. जगभर गाजलेल्या वस्तूचा मूळ आराखडा कुणा एकाच्या जपून ठेवण्यावर टिकतो, याची मला धास्ती वाटते.

दुसरी अडचण अक्षरांची. खेळातले संवाद साध्या मजकुराच्या शेकडो फायलींत आहेत. महिरपी कंसात आधी क्रमांक, मग आवाजाच्या फायलीची जागा, मग वाक्य. वाक्य बदलणं सोपं आहे. पण खेळाचा फॉन्ट २५६ खणांचा, आणि जोडाक्षर घडवणं त्याला येत नाही. मी अंबडमधल्या एका डीटीपीच्या दुकानात गेलो. तिथले काका आयुष्यभर लग्नपत्रिका लावत आलेत, आणि त्याआधी तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे. खेळ त्यांनी कधी बघितला नव्हता. मी खण दाखवले तर म्हणाले, “ह्ये तर आमचंच काम हाय. श्री-लिपीचा जुना फॉन्टबी असाच बसवलेला असतो.”

पण तसं नव्हतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये उकार आणि मात्रा शून्य रुंदीच्या असतात, त्या आधीच्या अक्षराखाली किंवा डोक्यावर सरकतात. हा खेळ प्रत्येक खूण आपल्या चौकटीत, एकीशेजारी एक ठेवतो. कुणी कुणाच्या खाली जात नाही. ‘दु’ लिहिला तर उकार द च्या शेजारी जाऊन बसतो. काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “मग अखंड खिळे पाडावे लागतील,” ते म्हणाले. छापखान्यात मात्रा-उकारासकट एकसंध ओतलेल्या अक्षराला अखंड म्हणत. म्हणजे दु, रु, पं, स्त, ज्याला त्याला स्वतंत्र खण. बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून खण कुठल्या कुठं संपतात. आकडे ठेवायचे, विरामचिन्हं ठेवायची, आणि उरलेल्यांत कोणाला जागा द्यायची आणि कोणाला नाही?

सगळ्या खेळाचं मराठी या पेटीत मावणार नाही, हे दुसऱ्या आठवड्यात मला पटलं. त्यासाठी इंजिनातच अक्षरं जुळवणारी नवी यंत्रणा बसवावी लागेल, आणि ते काम आमच्या दोघांच्या आवाक्यातलं नाही. मी फायली बंद करत होतो तेव्हा काकांनी विचारलं, “समदं नाही तर नाही. यातलं सगळ्यात गरजेचं वाक्य कोणतं?” मी त्यांना नेक्रोपोलिसची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्यातली अक्षरं बोटांवर मोजली. त्या ओळीत दोन उकार, एक अनुस्वार आणि एक जोडाक्षर होतं. आमच्या पेटीला सगळ्यात जड जाणारी तीच ओळ निघाली. काकांनी तिच्यासाठी खिळे पाडले, एकेक ठिपका माउसनं भरत, चार संध्याकाळी.

पाचव्या संध्याकाळी मी खेळ लावला, गटारांत उतरलो, सुटे भाग घेतले आणि पंपाला हात लावला. चिप अजून जागेवरच होती आणि पिप-बॉयमध्ये ३८ दिवस उरले होते. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकटीत हिरव्या अक्षरांत, शिरोरेघ थोडी तुटलेली, ओळ उमटली: पंप दुरुस्त झाला.

काकांनी चष्मा वर केला आणि ती पुन्हा वाचली. मग म्हणाले, “आता न्या तुमची चीप.”